मावशींनी सांगितलेली सहा घरे

एवढ्या वर्षांच्या नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता चोर कोणत्या गल्लीत सापडला असे विचारले तर मला डोके खाजवावे लागेल. हे एक प्रकरण मात्र वार आणि वेळेसकट लक्षात आहे. कागदोपत्री ते यशस्वी ठरले, वरिष्ठांनी माझी दोन ओळींत तारीफही केली. तो कागद मी घरी कोणाला दाखवला नाही.

प्रथम माझ्याविषयी थोडे. मी सोलापूरचा. दहावी झाल्यावर वडिलांपाठोपाठ इंग्लंडला, लंडनजवळच्या स्लाऊला आलो, एका कारखान्यात काही वर्षे काढली आणि मग पोलिसात भरती झालो. आमचे आडनाव सोलापूरकडच्या पुष्कळ मराठी घरांत आहे, पण इथे ते ऐकून सगळे मला गुजराती समजतात. मी कधी कोणाचा गैरसमज दूर करायला गेलो नाही. या पोलिसाला आपली भाषा कळत नाही असे वाटले की माणसे त्याच्यासमोर बिनधास्त बोलतात. ही युक्ती मी किती वेळा वापरली असेल त्याची गणती नाही, आणि मला तिचा चांगलाच अभिमान होता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी ज्या पथकात होतो ते माणसांना डांबून राबवून घेण्याचे गुन्हे पाहत असे. इथल्या कायद्यात त्याला आधुनिक गुलामगिरी म्हणतात. हॉटेलांची स्वयंपाकघरे, गाड्या धुण्याच्या जागा, पासपोर्ट काढून घेतलेली माणसे, हे आमचे रोजचे काम. सकाळी चहाचा मग घेऊन ब्रीफिंगला बसायचे, आलेल्या खबरी वाचायच्या, कोणी कुठे जायचे ते ठरवायचे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्या खबरींमध्ये लंडनमधल्या हाउन्सलोचा एक निनावी फोन होता. विमाने अगदी छपरावरून जातात अशा एका घराच्या मागे बागेत बांधलेली खोली आहे. तिथे एक बाई राहते, ती आठवडेच्या आठवडे बाहेर येत नाही, तिचे जेवण दाराबाहेर जमिनीवर ठेवतात. फोन करणारी बहुधा शेजारीण होती. घरमालकाचे आडनाव ‘कर’ने संपणारे होते, म्हणून आमच्या इन्स्पेक्टरबाईंनी तो कागद माझ्याकडे सरकवला.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास मी आणि एक इंग्रज महिला कॉन्स्टेबल तिथे पोहोचलो. दार उघडले ते चाळिशीतल्या नवऱ्याने. तो विमानतळावर सामान चढवण्याचे काम करी आणि नुकताच शिफ्टवरून आला होता. बायको एका शाळेच्या स्वयंपाकघरात होती, त्या दिवशी सुट्टीवर. दोघेही घाबरले होते, पण पोलीस दारात आल्यावर कोणीही घाबरते, त्यावरून काही ठरवायचे नसते. आम्ही इंग्रजीत आमचे काम सांगितले आणि घर पाहण्याची परवानगी मागितली. त्यांनी दिली.

स्वयंपाकघर लख्ख होते. स्टीलची भांडी ओट्यावर पालथी घातली होती. फक्त एक ताट, एक वाटी आणि एक पेला तेवढा बाजूला, खिडकीच्या कट्ट्यावर, आणि त्यांच्याजवळ वेगळी घासणी. ताटाच्या काठावर देवनागरीत एका बाईचे नाव कोरलेले होते. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे, त्यामुळे माझे लक्ष लगेच गेले. कॉन्स्टेबलला ती नक्षी वाटली. मी अनोळखीपणाचा आव आणून विचारले, हे काय लिहिले आहे? बायको म्हणाली, सासूबाईंचे नाव आहे. मग मी नवऱ्याला पुढच्या खोलीत नेऊन तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, बायकोच्या आत्याचे. दोघांना वेगळे करून एकच साधा प्रश्न विचारायचा, एवढीच चौकशीची पहिली पायरी असते, आणि अर्धी प्रकरणे त्या पायरीवरच उलगडतात.

आम्ही परत स्वयंपाकघरात आलो तेव्हा बायको नवऱ्याला हळूच म्हणाली, “अहो, सकाळचं ताट आत आणलंत ना? बाहेर दिसलं तर विचारतील.”

मी तिच्याकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, “वहिनी, ताट राहू द्या. ताटात जेवणारं माणूस कुठे आहे ते दाखवा.”

ती खुर्चीवर बसलीच. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, तिची जागा आता दुसऱ्याच कशाने तरी घेतली. घरातल्याच कोणीतरी फसवल्यावर माणूस असा पाहतो. त्या क्षणी मला वाईट वाटले नाही. उलट आपला बेत जमला म्हणून मजा वाटली, हे मी कबूल करतो.

मागच्या खोलीचे दार ठोठावले. कडी आतून निघाली. कुलूप नव्हते, बाहेरून कडीच नव्हती. इतक्या थंडीत खिडकी सताड उघडी. आत साठीकडे झुकलेली एक बाई स्वेटरवर स्वेटर घालून पलंगाच्या टोकाला बसली होती आणि तोंडावर ओढणीची चौपदरी घडी बांधली होती. मी उंबऱ्यात पाय ठेवताच तिने हात वर केला.

“आत येऊ नका. तिथूनच बोला. मला वाईट खोकला आहे.”

इतकी वर्षे मी अशा खोल्यांमध्ये शिरलो, पण माझी काळजी करून मला अडवणारी ती पहिलीच.

नवऱ्याला मी स्टेशनवर बोलावले. तो स्वतःहून आला, त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले आणि टेपसमोर जबाब घेतला. त्याने सगळे सांगितले. या बाई, ज्यांना सगळे मावशी म्हणत, कोल्हापूरजवळच्या. एका कुटुंबाबरोबर त्यांचे मूल सांभाळायला आल्या होत्या. ते कुटुंब पुढे दुसऱ्या देशात गेले, मावशी इथेच राहिल्या आणि व्हिसा संपला. पोटासाठी त्या मराठी घरांत पोळ्या करायला जाऊ लागल्या. हाउन्सलो, स्लाऊ, एक घर थेट स्टॅनमोरला. बसने आणि ट्यूब रेल्वेने सगळीकडे वेळेवर. या जोडप्याकडे त्या भाड्याने राहत. मग खोकला सुरू झाला, वजन उतरले, आणि सहाच्या सहा घरांनी त्यांना एकेक करून सांगितले की सोमवारपासून यायची गरज नाही. मावशींचे यजमान टीबीने गेले होते, त्यामुळे आपल्याला काय झाले आहे हे त्यांनी स्वतःच ओळखले आणि स्वतःच मागच्या खोलीत राहायला गेल्या. भारतातून कोणी येत असेल तर त्याच्या बॅगेतून गोळ्या यायच्या. कोणी येणारे नसले की गोळ्या बंद.

मी विचारले, डॉक्टरकडे का नेले नाही?

“सर, तिकडे नाव लिहिलं की व्हिसावाल्यांना कळतं, सगळेच म्हणतात. आणि तिला घरात ठेवलं म्हणून आमच्यावर पण आलं असतं,” तो म्हणाला. “आम्ही तिला कोंडलं नाही हो. आम्ही तिला हाकललं नाही, एवढंच.”

गुलामगिरीचे प्रकरण तिथेच संपले होते. गुन्हा नव्हता. खरे म्हणजे मी तिथेच टोपी उचलून निघायला हवे होते.

पण टीबीचा संशय आला की आरोग्य खात्याला कळवावे लागते आणि ते योग्यच आहे. तिथल्या टीबी क्लिनिकची नर्स मला भेटायला आली. आयरिश, पन्नाशीची, बोलायला एकदम फटकळ. तिने सांगितले की टीबीचे औषध इथे सर्वांना फुकट मिळते, कागद असोत वा नसोत. तिला मावशींचा पासपोर्ट नको होता. तिला त्यांची थुंकी तपासायची होती आणि त्या कोणाकोणाच्या घरात खोकल्या हे हवे होते. मोठ्या माणसांची तिला तितकी चिंता नव्हती. लहान बाळांना हा रोग मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तेही पाहता पाहता, म्हणून तिला ती सहा घरे हवी होती. मावशी तोंड उघडत नव्हत्या. घरांची नावे सांगितली तर त्या कुटुंबांना विनापरवाना माणूस कामाला ठेवल्याबद्दल दंड होईल, कोणाची नोकरी जाईल, व्हिसा जाईल, असे त्यांना वाटत होते. नर्सने मला विचारले, तू त्यांची भाषा बोलतोस ना, तू बघ.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या बागेत खुर्ची टाकून उघड्या दारासमोर बसलो, तोंडावर मास्क लावून. तासभर आम्ही कोल्हापूरचे, सोलापूरचे बोललो. मी त्यांना समजावले की औषध फुकट आहे, क्लिनिकमध्ये कोणी व्हिसा विचारत नाही, तुम्ही सांगितलेली घरे फक्त नर्सकडे जातील, कोणाला काही त्रास होणार नाही. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “हे तुम्ही पोलीस म्हणून सांगताय, का आपला माणूस म्हणून?”

“आपला माणूस म्हणून,” मी म्हणालो.

“मग लिहा.”

त्यांना आडनावे धड माहीत नव्हती, पत्ते तर नाहीतच. त्यांनी बसचे नंबर, स्टॉप आणि जेवणारी माणसे सांगितली. पहिल्या घरची थोरली मुलगी पोळीला तूप लावू देत नाही. दुसऱ्या घरी आजोबा आहेत, दात नाहीत, पोळी दुधात कुस्करून लागते. तिसऱ्या घरी जुळी मुले, एकाला गरम लागते, दुसऱ्याला गार चालते. अशी पाच घरे झाली. सहावे स्टॅनमोरचे, लाल दाराचे. तिथे चौदा महिन्यांची मुलगी, तिच्यासाठी रोज दोन तळहाताएवढे फुलके.

“माझ्या मांडीवर बसल्याशिवाय घास घेत नव्हती,” मावशी म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले. “तिला आधी बघा.”

मी ते सगळे शब्दशः लिहून घेतले. नर्सला फोन केला तेव्हा तिने पाठीवर थाप मारल्यासारखे माझे कौतुक केले. पुढच्या मंगळवारी मावशी क्लिनिकला गेल्या, आणि मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊ लागल्या.

आता माझी चूक. प्रकरण बंद करताना अहवाल लिहावा लागतो. त्यात इमिग्रेशनच्या स्थितीचा रकाना असतो, तो मी भरला. तो कोरा ठेवणे माझ्या हातात नव्हते, असे मी पुढे स्वतःला अनेकदा सांगितले आणि ते कदाचित खरेही असेल. पण शेवटच्या परिच्छेदात मी एक वाक्य घातले, ते कोणी मागितले नव्हते. संबंधित महिला अमुक क्लिनिकमध्ये दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी साडेअकरा वाजता उपचारासाठी हजर राहते. का लिहिले? प्रकरण वाऱ्यावर सोडलेले नाही, त्या बाईची नीट व्यवस्था लावली आहे, हे वरिष्ठांना दिसावे म्हणून. माझे अहवाल परिपूर्ण असतात अशी ख्याती होती आणि मला ती जपायची होती. अशा अहवालाची प्रत कुठे कुठे जाते हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. पाव शतक नोकरी झाली होती. वाचतंय कोण, असे मनाशी म्हणालो आणि सही केली.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी साडेबाराला नर्सचा फोन आला. क्लिनिकबाहेरच्या बसस्टॉपवर इमिग्रेशनची दोन माणसे उभी होती. त्यांनी मावशींना नाव विचारले आणि गाडीत बसवून नेले. मावशींच्या तोंडावर मास्क होता आणि पिशवीत गोळ्यांचा डबा. नर्स चिडली नव्हती, निदान तसे दाखवले नाही. तिने फक्त विचारले, “त्यांना वार आणि वेळ कुठून कळली असेल?” मी म्हणालो, चौकशी करतो. करण्यासारखी चौकशी काहीच नव्हती.

चार दिवसांनी मावशींना सोडले, कारण टीबीच्या माणसाला इतरांबरोबर ठेवणे धोक्याचे होते. हातात एक कागद दिला की अमुक दिवशी हजेरी लावा. त्या हजेरीला गेल्या नाहीत, क्लिनिकलाही गेल्या नाहीत आणि हाउन्सलोच्या घरीही परतल्या नाहीत. मी तिथे गेलो तेव्हा वहिनींनी दार अर्धेच उघडले. आल्या नाहीत, एवढे सांगून लावून घेतले. माझ्याशी त्या इंग्रजीत बोलल्या.

सहापैकी तीन घरांपर्यंत नर्सची माणसे त्याआधी पोहोचली होती. तिथल्या सगळ्यांची तपासणी झाली, एका आजोबांना औषध सुरू झाले. उरलेल्या तीन घरांत स्टॅनमोरचे होते. तो भाग दुसऱ्या आरोग्य पथकाकडे येत असल्याने कागद इकडून तिकडे जाण्यात दोन आठवडे गेले. शेवटी बाळाच्या आईने फोनवर गुरुवारची वेळ घेतली होती. मंगळवारी मावशींना नेले. संध्याकाळपर्यंत ती बातमी मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरली. बुधवारी त्या आईने वेळ रद्द केली आणि सांगितले की आमच्याकडे असे कोणी कधी येतच नव्हते. बाकीच्या दोन घरांनीही दारात आलेल्या नर्सच्या माणसांना तेच सांगितले.

सक्तीने तपासणी करण्यासाठी न्यायाधीशाकडे जाता येते. पण त्यासाठी ती बाई त्या घरात जात होती याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे मावशी, आणि मावशी गेल्या होत्या.

मी पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी स्वतः स्टॅनमोरला गेलो. मला तसा अधिकार नव्हता. लाल दार उघडले ते तिशीतल्या एका बाईने. गळ्यात हेडफोन, घरूनच काम चालले होते. आतून बाळाचा आवाज येत होता. मी ओळखपत्र दाखवले.

“आमच्याकडे मेड वगैरे कोणी येत नाही,” ती म्हणाली. “वी कुक अवरसेल्व्ज.”

मी मराठीत बोलू लागलो. तुम्हाला काही होणार नाही, कोणाचे नाव कुठे जाणार नाही, फक्त बाळाला एकदा दाखवून आणा. मी अक्षरशः विनवण्या केल्या. तिने मला नीट पाहून घेतले.

“मराठी बोलणारे पोलीस म्हणजे तुम्हीच ना?” तिने विचारले आणि दार बंद केले.

मी फुटपाथवर आलो. तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही दार बंद केले असते. नवऱ्याची नोकरी, दोघांचा व्हिसा, घराचे भाडे, हे सगळे तिच्या त्या दाराआड होते आणि समोर उभा होता तो शब्द देऊन मोडणारा माणूस.

जूनमध्ये नर्सने कळवले की बाळ हॉस्पिटलमध्ये आहे. ताप आठवडाभर होता, आधी साधा वाटला, मग झटके आले. टीबी मेंदूच्या आवरणात गेला होता. मुलगी वाचली. दोन्ही कानांनी ऐकू येणे मात्र गेले ते गेलेच. आई नर्सला परत परत एकच विचारत होती की त्या दिवशी तुम्ही आमचे ऐकून का घेतले, जबरदस्ती का केली नाही. नर्सने हे मला सांगितले.

नोकरीत असताना माणसाचे हक्क हा शब्द कानावर आला की आम्ही आपसांत हसायचो. तो वकिलांचा विषय, आमच्या कामात अडथळा आणणारा, अशी आमची समजूत. आणि साथीचे रोग म्हणजे डॉक्टरांचा विषय. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आले नव्हते. मावशींना निर्भयपणे दवाखान्यात जाण्याचा हक्क होता, आणि त्या मुलीचे कान त्या हक्कावर अवलंबून होते. मी एक मोडला, दुसरे गेले. हे समजायला मला इतका उशीर लागायला नको होता. अनेक प्रशिक्षणांना बसलो, प्रमाणपत्रे मिळवली, पण घाबरलेला माणूस आपला रोग घेऊन कुठे लपतो हे मला त्या लाल दारासमोर कळले. लोक मला म्हणतात की तू नियमानेच वागलास. वागलो. म्हणूनच मला त्याची चीड येते.

वरिष्ठांच्या तारीफेचा कागद त्याच महिन्यात आला.

ऑगस्टमधल्या एका दुपारी मी जेवायला बसलो असताना नंबर न दिसणारा फोन आला. आवाज खूप खोल गेला होता, तरी ओळखला. मावशींकडे माझे कार्ड राहिले होते. कुठून बोलता असे मी विचारायच्या आत त्यांनीच विचारले, “सहाही घरी गेलात ना हो?”

“गेलो, मावशी.”

“लाल दाराच्या?”

“तिथे मी स्वतः गेलो होतो.”

“मग बरं झालं,” त्या म्हणाल्या. “मला तेवढाच घोर होता.” मग बराच वेळ खोकल्या.

मी एक अक्षरही खोटे बोललो नव्हतो. तुम्ही कुठे आहात, गोळ्या मिळतात का, मी येऊ का, हे सगळे माझ्या जिभेवर होते. पण त्यांनी पुन्हा विचारले असते की हे कोण म्हणून विचारताय, तर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी फोन ठेवला.